हिरवी व्हॅनिला

पोळा होऊन आठवडा झाला होता. साकोलीच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दीपमालाचं सेंटचं दुकान आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढंच. त्या दुपारी ती मोगऱ्याच्या छोट्या बाटल्या भरत बसली होती. डिंपल आत आली, पर्समधून सोनेरी टोपणाची जाड काचेची बाटली काढून तिनं काउंटरवर ठेवली.

"ताई, हे तू ठेव. आन् मले याच्या बदल्यात दुसरं काहीही दे."

दीपमालानं टोपण काढून वास घेतला. माल भारीतला होता. "व्हॅनिला आहे, बाहेरदेशची. काहून देऊन राहिली?"

"कैलाशनं दिली, साक्षगंधात. लगनात हाच सेंट लाव म्हणते." डिंपलनं मनगट पुढं केलं. "घे वास. कोणाच्या दुकानातून येते, सांग."

वास घेतला आणि दीपमालाला हसू आवरेना. बसस्टँडसमोर डिंपलच्या वडिलांचं, भय्याजींचं, मिठाईचं दुकान आहे. तिथल्या कढईवर कोणी काचेची बाटली धरून भरून आणावी, असा तो वास होता. डिंपल शाळा सुटली की त्या दुकानात बसायची. पाकाचा वास तिच्या केसांत, युनिफॉर्ममध्ये, वह्यांच्या पानांत मुरायचा. वर्गातल्या पोरी तिला ‘जिलेबी’ म्हणायच्या. तिनं ते तेव्हा हसून घेतलं होतं, पण विसरली मात्र नव्हती.

"लहानपणापासून त्या वासात आहो मी," ती म्हणाली. "लगनाच्या दिवशी तरी मले जिलेबी होऊन नाई बसायचं."

"मग सांग ना त्याले, व्हॅनिला आवडत नाई म्हणून."

"पण आवडते ना ताई! तोच तर लफडा आहे."

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक काळपट, सुरकुतलेली, बोरूसारखी बारीक शेंग होती. कैलाश पवनीकडचा, कृषीचं शिकलेला, स्वतःची रोपवाटिका चालवणारा. मागच्या वर्षी केरळात प्रशिक्षणाला गेला होता, तिथून त्यानं ही शेंग आणली. डिंपलला पाहायला आला तेव्हा तीच तिच्या हातात दिली.

"दुसरी पोरं चॉकलेट आणतात. यानं शेंग आणली. मी तिथंच मनात हो म्हटलं," डिंपल म्हणाली. "पण त्या दिवशी जो वास आला ना ताई, तो असा गोड नव्हता. हिरवा होता. एकदम हिरवा. तो वास मले पाहिजे. तू बनवशील?"

दीपमालानं शेंग नाकाशी धरली. साखर कुठंच नव्हती, ते खरं. ओलसर लाकूड होतं, वाळलेली पानं, थोडी मनुका, मागं कुठंतरी धूर. पण हिरवं? तिनं डोळे मिटून पुन्हा वास घेतला.

"यात हिरवं तर मले काही सापडत नाई, डिंपल."

"होतं. मले पक्कं आठवते. वर्षभरात उडून गेलं असंल."

"लगन कधी आहे?"

"तुळशीचं लगन झालं की दहा दिवसांनी."

"ठीक आहे," दीपमाला म्हणाली, आणि बोलून झाल्यावर आपण काय कबूल केलं ते तिच्या लक्षात आलं.

आतापर्यंत तिच्याकडं कोणी असं काही मागितलंच नव्हतं. दीपमाला एकोडीची. केमिस्ट्री घेऊन साकोलीत बी.एस्सी. झाली आणि नागपूरला एका साबणाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. चार वर्षं तिनं दुसऱ्यांच्या कृती वाचून थेंब मोजले. एकदा साबणाच्या एका बॅचचा वास बिघडल्याचं तिनं साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला हातासाठी ठेवलंय, नाकासाठी नाही." वास खरंच बिघडलेला निघाला, पण ते तिला कोणी सांगायला आलं नाही. लॉकडाउनमध्ये कारखाना बंद पडला, ती गावी परतली आणि आईच्या भरवशावर तिनं हे दुकान टाकलं. लोक यायचे, चंदन मागायचे, मोगरा मागायचे, ती भरून द्यायची. नाकाचं काम तिला आज पहिल्यांदा मिळालं होतं.

तिनं केरळातून कुरियरनं शेंगा मागवल्या. मधोमध चिरून, बारीक कापून स्पिरिटमध्ये घातल्या आणि बाटली कपाटात अंधारात ठेवली. तीन आठवड्यांनी तपकिरी, दाट, सुरेख अर्क उतरला. व्हॅनिला अशी असते हे तिलाही नवीनच होतं. इतकी वर्षं ती जिला व्हॅनिला म्हणत आली ते बिस्किटाच्या पुड्यातलं पांढरं चूर्ण होतं.

आता प्रश्न राहिला हिरव्याचा. कापलेल्या गवताचा तयार सेंट मिळतो, तो तिनं घालून पाहिला. वास नव्या प्लास्टिकच्या चटईसारखा आला. तुळशीचं तेल घातलं, तर खोकल्याचं औषध झालं. बांबूची पानं उकळून पाहिली, त्यातून काहीच निघालं नाही. खस जास्त घातला तेव्हा जरा जमल्यासारखं वाटलं. पण डिंपलनं कागदाची पट्टी नाकाशी धरली आणि म्हणाली, "ताई, मे महिन्यातल्या कूलरसमोर बसल्यासारखं वाटते."

डिंपल आठवड्यातून दोनदा यायची, पट्टीचा वास घ्यायची आणि मान हलवायची. तिला वाईट वाटायचं, पण खोटं बोलायची नाही. मधेच एकदा भय्याजी स्वतः आले. दारातच थांबून म्हणाले, "दीपमाला, कायले त्या पोरीच्या नादी लागून राहिली? जावयानं एवढा भारीतला सेंट दिला. तोच लावंल ते."

"पंधरा दिवस द्या, भय्याजी," दीपमाला म्हणाली. पंधरा दिवसांत काय होणार होतं, ते तिलाही माहीत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तिची आई दुकानात येऊन बसायची. सुमनबाईचं वय पंचावन्न. एकोडीत धानाच्या रोवणीला चौदा बायांची टोळी ती घेऊन जाते. कोणत्या बांधीत किती पाणी ठेवायचं, कोणतं धान कधी कापायला येतं, हे तिला शेताचे मालकही विचारतात. त्या दिवशी ती स्टुलावर बसून पाणी पीत होती, आणि डिंपल अकरावी पट्टी हातात धरून उभी होती.

"दे इकडं," सुमनबाई म्हणाली. तिनं पट्टीचा वास घेतला. "चांगला तं हाये. मंग काहून नाई म्हनून राहिली?"

"चांगला आहे काकू. पण हिरवा नाई. शेंगेचा वास हिरवा होता."

"शेंगेचा वास तू घेतला कुठं?"

"पुडीतून."

"पुडीतून तं खरं. पन पुडी उघडली कुठं? घरात, का बाहेर?"

डिंपल थांबली. हा प्रश्न दीपमालानं एवढ्या दिवसांत एकदाही विचारला नव्हता. "वावरात," डिंपल सावकाश म्हणाली. "ते लोक पाहायला आले, चहापोहे झाले, मग बाबा म्हणाले चला, वावर दाखवतो. मोठी माणसं मोहाच्या झाडाखाली बसली. आम्ही दोघं धुऱ्याच्या बांधावर उभे होतो. तिथं त्यानं पुडी उघडली."

"महिना कोनता?"

"दसरा झाला होता. दिवाळी यायची होती."

"आन् टाइम?"

"सकाळचा. नऊ-साडेनऊ असतील."

सुमनबाईनं मांडीवर थाप मारली. "तो शेंगेचा वास नाई, पोरी! तो चिन्नोर धानाचा वास हाये. त्या धुऱ्याखालच्या बांधीत तुझे बाबा घरी खायापुरता चिन्नोर लावतात. त्या वक्ताले त्याच्या लोंबा बाहेर पडून राहिल्या होत्या. मले नाई माहीत तं कोनाले माहीत? ते बांधी मीच रोवली होती."

 दीपमाला काउंटरच्या मागून बाहेरच आली.

"आई, आता कोणता दिवस आहे?"

"दसऱ्याले आठ दिवस झाले," सुमनबाई म्हणाली. "आताच निसवून राहिला असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी ऑटोनं भय्याजींच्या वावरात गेल्या. दव अजून पुरतं सुकलं नव्हतं. धुऱ्याखालच्या बांधीत चिन्नोर कमरेएवढा उभा होता आणि कोवळ्या लोंबांवर बारीक पांढुरकी फुलं उमलत होती. डिंपल धुऱ्यावर उभी राहिली. तिनं जुनी पुडी उघडून शेंग नाकाजवळ नेली, आणि तिचे डोळे भरून आले.

"हाच," ती म्हणाली. "ताई, हाच आहे!"

दीपमालानं शेंग घेतली. शेंगेचं लाकूड, मनुका, धूर सगळं तिथंच होतं, पण आता त्याला वारा लागला होता. उकळत्या भाताची वाफ, दाण्यात भरत असलेलं दूध, चिरडलेलं पान, सगळं त्या काळ्या शेंगेभोवती उभं राहिलं होतं. तिला स्वतःचा थोडा रागही आला. ती याच वासात जन्मली होती. नागपूरला चार वर्षं जगभरचे वास मोजून आली, आणि हा एक कधी नाव देऊन हुंगला नव्हता.

"धानाचा वास कोनाले पाहिजे बापा?" सुमनबाई हसत होती. "आमी तं घरी आलो का पयले आंगावरून धुऊन टाकतो."

"मले पाहिजे," दीपमाला म्हणाली. तिनं वही काढली. "सांग, हा वास सगळ्यात जास्त कधी येते?"

सुमनबाईचा चेहरा बदलला. तिला असं वही घेऊन कोणी विचारलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि बांधीत उतरली. "दव सुकता सुकता येते. नवाच्या पुढं फूल उघडते, तवा घ्याचा. बारानंतर वास पडते. आन् धुऱ्याजवळच्या लोंबा घेऊ नको, त्यायले धूळ लागते. मधल्या घे. पानासंगट घे, नुसत्या लोंबाले दुधाचा वास येते, हिरवा वास पानात हाये."

दीपमाला भराभर लिहीत गेली.

लोंबा कापायच्या म्हणजे भय्याजींना विचारणं आलं. ते चिडले. "निसवलेलं धान कापता? हे कोणी केलं आहे का आजवर?"

"बाबा," डिंपल म्हणाली, "माझ्या लगनाच्या जेवणातून एक पोतं तांदूळ कमी करा. पण हे कापू द्या."

 भय्याजींनी होकाराचा नुसता हात हलवला.

आठ दिवस मायलेकी सकाळी सकाळी वावरात जायच्या. सुमनबाई कात्रीनं लोंबा आणि कोवळी पानं कापायची, दीपमाला ती तिथंच स्पिरिटच्या बरणीत घालायची. दुसऱ्या दिवशी आधीची काढून त्याच स्पिरिटमध्ये ताजी. पाचव्या दिवसापर्यंत बरणीला फक्त गवताचा वास येत होता. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा सुमनबाई शेजारी बसली होती. तीच आधी म्हणाली, "आला."

चिन्नोरचा अर्क आणि व्हॅनिलाचा अर्क एकत्र केल्यावर वास खूपसा जवळ आला. डिंपलला तर तोही चालला असता. पण सुमनबाईनं पट्टी हुंगून खाली ठेवली.

"वास बरोबर हाये. पन बांधी कोरडी हाये."

"म्हणजे?"

"धान कोरड्यात उभं राह्यते का? पायाखाली पानी पाहिजे, चिखल पाहिजे. हे तं कापून घरात आनल्यासारखं वाटते."

दीपमाला आईकडं बघतच राहिली. कारखान्यातले साहेब ज्याला वासाचा तळ म्हणायचे आणि ज्याच्यावर तासभर इंग्रजीतून बोलायचे, ते आईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. तिनं खसाचा एक थेंब घातला आणि पावसाच्या मातीच्या अत्तराचे दोन. बाटली हलवली, दोन आठवडे ठेवून दिली. तुळशीचं लगन झालं त्या संध्याकाळी तिनं ती उघडून पहिली पट्टी आईलाच दिली.

सुमनबाईनं बराच वेळ वास घेतला. "हं," ती म्हणाली. "आता याच्यात बेंडूक राहू शकते."

डिंपलनं मनगटावर थेंब लावून वास घेतला. बाहेर जाऊन तिनं कैलाशला फोन लावला. दीपमालाला दुकानातून एवढंच ऐकू आलं, "अरे, सापडला. धुऱ्यावरचा. हो, तोच!"

लग्न हायवेवरच्या लॉनवर होतं. सुमनबाई निळी जरीकाठाची साडी नेसून आली होती. मायलेकी जेवणाच्या रांगेत ताटं घेऊन उभ्या होत्या, तेव्हा पांढरा सदरा घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ प्रत्येकाला विचारत विचारत त्यांच्यापर्यंत आले. भय्याजी त्यांच्या मागं होते.

"हे वासुदेवराव," भय्याजी म्हणाले. "कैलाशचे मामा. नागपूरला इतवारीत यांचं अत्तराचं दुकान आहे, चाळीस वर्षांपासून."

"चव्वेचाळीस," वासुदेवराव म्हणाले. "मी सूनबाईला आशीर्वाद द्यायला वाकलो, आणि आशीर्वाद विसरून गेलो. म्हटलं, पोरी, ही व्हॅनिला कुठली? फ्रान्सची? तर ती स्टेजवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, साकोलीची! आमच्या दीपाताईची! तुम्हीच का त्या?"

"हो," दीपमाला म्हणाली.

"माझ्या हयातीत मी जेवढ्या व्हॅनिला विकल्या, सगळ्या खायच्या होत्या. ही पहिली पाहिली, जी श्वास घेते." त्यांनी स्वतःच्या हाताचा वास घेतला. डिंपलकडून त्यांनी थेंब मागून लावला होता. "यात खस आहे. माती आहे. शेंग खरी आहे. पण मधे एक गोष्ट आहे, ती मला ओळखता येत नाही, आणि मला ओळखता येत नाही असं सहसा होत नाही. काय आहे ते?"

दीपमालाला उत्तर येत होतं. पण ती बाजूला सरकली. "हे माझी आई, सुमनबाई. ते तिनं शोधलं. तिलाच विचारा."

वासुदेवरावांनी सुमनबाईकडं पाहिलं आणि हात जोडले. "बाई, काय आहे हो ते?"

सुमनबाईनं ताट डाव्या हातात घेतलं. आजूबाजूला भय्याजींचे सोयरे होते, गावातले शेतकरी होते, ज्यांच्या बांध्यांमध्ये तिनं तीस वर्षं वाकून रोपं लावली होती, तेही होते. सगळे ऐकत होते.

"चिन्नोर," ती म्हणाली. "निसवतानाचा. सकाळी नऊच्या पुढचा. यायच्याच बांधीतला," तिनं भय्याजींकडं बोट केलं, "आन् माह्या हातचा."

वासुदेवराव मोठ्यानं हसले. थट्टेचं हसू नव्हतं ते. एखादं कोडं सुटल्यावर माणूस हसतो तसं होतं. भय्याजींनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग छाती पुढं काढून पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्याच वावरातला आहे. मीच म्हटलं होतं, कापा म्हणून." सुमनबाईनं त्यांना बोलू दिलं.

जेवण झाल्यावर वासुदेवराव पुन्हा आले. हा सेंट आपल्या दुकानातून विकायचा आहे म्हणाले. त्यांच्या दुकानाचं नाव जुनं आहे, त्या नावानं कुठंही चालेल, दीपमालानं फक्त कृती द्यावी, पुढचं ते बघतील.

दीपमालानं थोडा विचार केला. कारखान्यातली ती चार वर्षं, दुसऱ्यांच्या कृतींचे कागद, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण आवाज शांत होता. "मामाजी, बाटल्या मी तुम्हाला भरून देईन. तुमच्या दुकानात ठेवा, मले आनंदच आहे. पण कृती एकोडीतच राहील. आणि बाटलीवर नाव आमचंच."

वासुदेवरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "आणि नाही म्हटलं तर?"

"तर साकोलीत विकीन."

"शाबास," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. शंभर बाटल्या पाठवा. लेबल तुमचं."

चार दिवसांनी मायलेकी साकोलीच्या छापखान्यात लेबलाचा मजकूर द्यायला गेल्या. मशीनवर बाबूलाल नावाचा माणूस होता. त्यानं दीपमालाचा कागद कॉम्प्युटरवर टाकला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. वर ‘हिरवी व्हॅनिला’ होतं. खाली बारीक अक्षरांत: ‘निर्मिती: दीपमाला व सुमन, एकोडी, जि. भंडारा.’

"वाचून दाखव," सुमनबाई म्हणाली. दीपमालानं वाचून दाखवलं.

"सुमन कोन?"

"तू. सेंटच्या बाटलीवर नाव छोटं बरं दिसते आई."

"सुमन मले माह्या बापाच्या घरी म्हनत," सुमनबाई म्हणाली. "पूरा गाव मले सुमनबाई म्हनते. चौदा बाया मले सुमनबाई म्हनतात. तो नागपूरचा म्हातारा हात जोडून बाई म्हने." तिनं पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. "बाई लिव."

"जागा कमी आहे, मावशी," बाबूलाल म्हणाला. "अक्षर लहान करावं लागंल."

"नाव लहान करू नको. दुसरं काही लहान कर."

बाबूलालनं दीपमालाकडं पाहिलं. दीपमाला हसत होती. "वरचं ‘हिरवी व्हॅनिला’ लहान करा, भाऊ," ती म्हणाली.

त्यानं ते लहान केलं, खालची ओळ मोठी केली, आणि पहिलं लेबल छापून सुमनबाईच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि शाई वाळेपर्यंत तसंच धरून ठेवलं.